छाट

गॅस संपला मे महिन्यात, बावीस तारखेला,
आणि बावीसलाच धाकट्या रविंदरचा वाढदिवस.
अम्मानं सिलिंडर आडवा केला, हलवला, कान लावला,
मग म्हणाली, राहू दे.
पत्र्याखाली बसलोय, घरच भट्टी झालंय,
आणखी वेगळी कशाला पेटवायची?

मला पाठवलं साखर पेठेत.
पावशेर डाळं, पावशेर भाजके शेंगदाणे,
गूळ मऊ, चिक्कीचा नको,
खोबऱ्याची अर्धी वाटी,
"आणि वेलदोडे मोजून घे. चार."
हत्तुऱ्यांच्या दुकानात पाचवा फुकट मिळाला.
पाचवा मी वाटेतच चावला.

खलबत्ता घरात एकच.
कितीही धुवा, तळाशी चटणी राहतेच,
सोलापूरची ती, जाते कुठे!
पहिल्या घाण्यात लसूण उतरला.
अम्मानं चाखलं, एक डोळा मिटला:
"ही तुझ्या बापाला. मागावरून येईल तेव्हा
त्याला काय कळतंय."
(रात्री त्यानं तीन खाल्ल्या,
म्हणाला, गोड आहे. जरा तिखटपण आहे.
आणि चौथी मागितली.)

दुसऱ्या घाण्याला खलबत्त्यात आधी मीठ कुटलं, मग लिंबू.
डाळ्याचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, किसलेलं खोबरं,
गूळ मळत राहायचं, मळत राहायचं,
दाण्याला तेल सुटेपर्यंत.
तूप लागत नाही. दूध नाही, पाक नाही.
कुठं काही उकळत नाही.

परातीपुढे अम्मा बसली, बाह्या सारल्या
आणि थांबली.
बोटं नाकाशी नेली.
लिंबाची साल घासली, राख घासली,
पुन्हा नाकाशी नेली.
रोज हजार बिड्या वळणारी ती बोटं,
त्यांच्यातून तंबाखू निघतो थोडाच.
"शाळेतली पोरं येणार," म्हणाली. "तू वळ."

मी वळले.
ती समोर सूप घेऊन बसली,
कारखान्यातला तपासनीस बसतो तशी, पाय दुमडून,
एकेक गोळी न शिवता बघत.
ही लहान. हिला पोट आलंय. हिला डोकंच नाही.
"छाट!"
आणि छाट गोळी चमच्यानं वाटीत.

कारखान्यात छाट मालकाची.
वळलेली बिडी जाते, पैसे येत नाहीत,
अम्मा त्या दिवशी भात कमी घेते.
आमच्या घरात मात्र छाट आमची,
हे माझ्या तिसऱ्या गोळीला लक्षात आलं.
चौथी मी मुद्दाम वाकडी वळली.
पाचवी तर पार चपटी.
अम्मानं माझ्याकडं पाहिलं,
"छाट," म्हणाली, अगदी गंभीरपणे,
आणि वाटी माझ्या बाजूला सरकवली.

गोळ्या धरेनात. त्रेचाळीस अंश,
हातातून उतरली की बसायची, बसली की पसरायची.
शमशाद आपांच्या फ्रीजमध्ये डबा ठेवला
तर साडेतीनला लाईट गेली.
मग तोच डबा माठाला टेकवून
वर फाटकी चादर ओली करून गुंडाळली.
नळाला पाणी परवा येणार होतं,
तरी दोन तांबे त्या चादरीवर ओतले अम्मानं,
मागं न बघता.

संध्याकाळी पतंगाचा कागद कापून पुड्या.
टोकाला बिडीचाच दोरा, गुलाबी,
पंचवीस पुड्यांचा एक कट्टा,
तिला दुसरं मोजणं येतच नाही.

पण हे सगळं त्यानंतरचं.
त्याआधी दुपारी, परात अर्धी झाली असेल,
माझा हात बसला होता एव्हाना,
बघायचीसुद्धा गरज नव्हती,
गोळीमागून गोळी, सगळ्या एका मापाच्या,
छाट म्हणायला जागा नाही.
अम्मा बघत राहिली. गोळ्यांकडे नाही, बोटांकडे.
"हात चांगलाय तुझा," ती म्हणाली.
आणि मग, जरा घाईनं:
"चालु."

अम्माच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
माझ्या शाळेच्या मराठीत
चालू म्हणजे चालू.

मी शाळेतला अर्थ घेतला.
पुढची गोळी वळली.